पुरात भिजलेलं पणजीचं तैलचित्र

पुराच्या पाण्यातून निघालेलं तैलचित्र उन्हात ठेवायचं नाही, पंख्याखाली ठेवायचं नाही आणि त्यावरचा गाळ ओल्या फडक्याने पुसायचा तर मुळीच नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण सांगली-कोल्हापूरला किंवा चिपळूणला पुन्हा पाणी चढेल तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. रंगाची बाजू वर करून चित्र आडवं ठेवायचं. चार कोपऱ्यांखाली चार पाट किंवा विटा द्यायच्या, म्हणजे खालून वारा खेळता राहतो. बाहेरची शोभेची फ्रेम काढली तर चालते, पण कॅनव्हास आत ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिच्यावरून तो सोडवायचा नाही. आणि चित्रांच्या जतनाचं काम करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी फोन करायचा, कारण दमट हवेत बुरशी दोन-तीन दिवसांत धरते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या वाड्याच्या माजघरात पणजीचं तैलचित्र होतं. त्याचा खालचा तिसरा हिस्सा पाण्यात राहिला आणि तरंगत आलेल्या चौरंगाचा कोपरा लागून कॅनव्हास वीतभर फाटला. पाणी उतरल्यावर काका पहिल्यांदा आत गेले. माझ्या एका मैत्रिणीने पुण्यातल्या एका चित्र-संवर्धक बाईंचा नंबर दिला होता. त्यांनी फोनवर जे जे सांगितलं ते काकांनी अक्षरशः केलं. शिवाय एक गोष्ट काकांनी आपल्या बुद्धीने केली, ती म्हणजे चित्राखालच्या जमिनीवरचा गाळ फेकला नाही. तो मलमलीच्या फडक्यात घालून हळूहळू पाण्यात गाळला आणि त्यात सापडलेल्या रंगाच्या खपल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. पुढे ती डबी पाहून या संवर्धक मॅडम क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही माझं निम्मं काम केलंत."

चित्र कुणी काढलं ते आम्हाला ठाऊक नाही, सही नाही. घरात असंही बोललं जायचं की तो मुळात मोठा केलेला फोटो आहे आणि वरून रंग दिलाय. त्या काळी तशी पद्धत होतीच. मॅडमनी भिंगातून पाहिलं, उलटून मागे पाहिलं आणि शंका मिटली. मागच्या बाजूला रंग-कॅनव्हास विकणाऱ्या कंपनीचा पुसट शिक्का होता, विन्सर अँड न्यूटन, रॅथबोन प्लेस, लंडन. म्हणजे तयार लेप दिलेला विलायती लिनन कॅनव्हास आणि त्यावर जवसाच्या तेलातले रंग. पणजी १९१८ च्या तापाच्या साथीत गेली, चित्र त्याआधीचं.

पाण्याने तैलचित्राचं इतकं का बिघडावं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता, कारण तेल आणि पाण्याचं तर जमत नाही. मॅडमनी थरांची गोष्ट सांगितली. सगळ्यात खाली जवसाच्याच झाडाच्या धाग्याचं कापड. त्यावर जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचा पातळ हात, म्हणजे तेल कापडात उतरून ते कुजवत नाही. त्यावर पांढरा लेप, बहुधा शिशाच्या सफेद्याचा. मग रंग आणि सगळ्यात वर राळेचं व्हार्निश. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातो आणि शंभर वर्षांनी कडक, ठिसूळ होतो. पाणी पुढून फारसं आत जात नाही, ते मुख्यतः मागून कापडात शिरतं. सरस फुगतो आणि सुटतो. घट्ट विणीच्या लिननचे धागे पाणी पिऊन जाड होतात, त्यामुळे कापड आखडतं. रंगाला आखडता येत नाही, मग तो उचकटलेल्या कौलांसारखा दोन्ही बाजूंनी उभा राहतो. पणजीच्या लुगड्याचा खालचा भाग तसाच झाला होता. श्वास जोरात सोडला तरी खपली उडेल अशी स्थिती.

म्हणून पहिलं काम रंग जागच्या जागी धरून ठेवण्याचं. शहतुताच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी कागद असतो, इतका विरळ की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. त्याचे छोटे तुकडे पातळ चिकटद्रव्याने चित्राच्या तोंडावर बसवले. असं झाकलेलं चित्र आडवं ठेवूनच टेंपोतून पुण्याला गेलं.

त्यानंतर बराच काळ ते तिथेच होतं. मध्ये टाळेबंदी आली. २०२१ च्या जुलैत सांगलीत पुन्हा पाणी शिरलं, तेव्हा चित्र पुण्यात होतं याचं आम्हाला मोठं समाधान वाटलं. मी निवृत्त असल्याने जमेल तेव्हा स्टुडिओत जाऊन बसायचे. मॅडमनी बसू दिलं, एवढ्याच अटीवर की टेबलाला हात लावायचा नाही आणि चहा बाहेर प्यायचा.

बुरशी मारायची घाई त्यांनी केली नाही. आधी ती पूर्ण कोरडी होऊ दिली, मग मऊ ब्रशने झटकत बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढून घेतली. मग उभ्या राहिलेल्या खपल्या. त्यासाठी स्टर्जन नावाच्या माशाच्या फुग्यापासून केलेला सरस कोमट पाण्यात विरघळवतात. ब्रशच्या टोकाने तो खपलीखाली सोडायचा, तो मऊ होईपर्यंत थांबायचं आणि मग बोटाएवढ्या गरम पात्याने मध्ये चिकट न होणारा कागद ठेवून हलकं दाबायचं. एका बैठकीत तळहाताएवढा भाग. माशाचा सरस म्हटल्यावर आत्याला काय वाटेल याची मला धाकधूक होती, पण तिला सगळं सांगितलं. चित्राखाली पहिल्यापासून जनावराचाच सरस आहे हे ऐकून ती म्हणाली, "मग आता विचारण्यात काय अर्थ? चिकटू दे एकदाचं."

माझी समजूत होती की आता मागून नवं कापड लावून घेतील. जुन्या पद्धतीत तेच करत. मेण आणि राळ वितळवून नवं कापड मागे चिकटवायचं, गरम इस्त्रीने मेण आरपार उतरवायचं. अ‍ॅम्स्टरडॅमच्या 'नाइट वॉच' या रेम्ब्रांटच्या चित्रालाही १८५१ मध्ये असंच मेण-राळेचं अस्तर लावलं होतं. चित्र टिकतं, पण मेण रंगात मुरून छटा गडद होतात, दाबाने ब्रशचे उंचवटे चपटे होतात आणि ते मेण पुन्हा पूर्णपणे बाहेर काढता येत नाही. १९७४ मध्ये ग्रिनिच इथे जगभरच्या संवर्धकांची परिषद झाली, तिथे या सरसकट अस्तर लावण्यालाच प्रश्न विचारला गेला आणि तेव्हापासून शक्य तितकं कमी करण्याकडे कल वळला. मॅडमनी पणजीला अस्तर लावलं नाही. आखडलेल्या कापडाला कडांनी लिननच्या पट्ट्या जोडल्या, तात्पुरत्या चौकटीवर त्या बांधल्या, मागून अगदी मोजकी वाफ पोचवत कापड थोडं थोडं ताणत नेलं. रोज केसभर. खालची कड मूळ मापाच्या जवळ आली आणि रंगाला पुन्हा बसायला जागा मिळाली.

फाटलेल्या जागेचं काम मी सगळ्यात जास्त पाहिलं. जर्मन संवर्धक विनफ्रिड हायबर यांनी रूढ केलेली ही पद्धत. सूक्ष्मदर्शकाखाली फाटीच्या दोन्ही बाजूंचे धागे एकेक करून उकलायचे, सरळ करायचे, उभ्याला उभा आणि आडव्याला आडवा शोधायचा, मूळ विणीत वर-खाली घालायचा आणि टोकाला टोक भिडवून जोडायचं. चिकटवायला माशाचा सरस आणि गव्हाची खळ यांचं मिश्रण. हातात दातांच्या डॉक्टरकडे असतात तशी हत्यारं. "हे तर रफू!" मी म्हटलं. "रफूच आहे, ताई," त्या डोळा न हलवता म्हणाल्या, "फक्त रफूवाला नवा धागा घालतो. मी शक्यतो जुनाच वापरते." जिथे धागा खरोखरच तुटून गेला होता तिथे त्यांनी लिननचा तंतू जोडला. वीतभर फाटीत किती धागे असतात याचा अंदाज मला तेव्हा आला. मागून पाहिलं तर आज त्या जागी फक्त बोटाला जाणवेल न जाणवेल अशी रेघ आहे.

या फाटीच्या शेजारी एक जुनी दुरुस्ती निघाली. साठच्या दशकात कधीतरी भोक पडलं तेव्हा एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने मागून फडक्याचं ठिगळ पांढऱ्या डिंकाने लावलं होतं आणि पुढून पार्श्वभूमीवर तपकिरी इनॅमल मारला होता. भोक रुपयाएवढं, रंग मात्र परातीएवढ्या जागेवर. त्याच्याकडे जे होतं त्याने त्याने चित्र वाचवलं, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण तो इनॅमल काढायला फार दिवस गेले. खालून हिरवट करडी, मऊ पार्श्वभूमी आली. पणजीच्या खांद्यामागे तिथे एक खिडकी सूचित केलेली होती, घरातल्या कुणालाही ती माहीत नव्हती.

खिडकी सापडायच्या आधी, तिथे नंतरचा रंग चढवलेला असल्याचा सुगावा लागला होता, तो अतिनील दिव्याखाली. अंधार करून तो दिवा लावला की जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर मारलेले रंग काळे डाग होऊन उठतात. पेंटरकाकांचा इनॅमल तसाच दिसला. पण माझी नजर कपाळावर खिळली. पणजीच्या भुवयांच्या मध्ये पिवळाजर्द उजेड पेटला होता. मॅडमनाही पहिल्यांदा कळलं नाही. मी म्हटलं, "हळद आहे."

पणजी सवाष्ण गेली. त्यामुळे दरवर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या चित्राला हळदकुंकू वाहायचं, अशी आमच्याकडची रीत. फोटोला वाहतात ते काचेवर, पण या चित्राला काच नव्हती. आधी माझी आजी आणि मग आत्या, बोट थेट कॅनव्हासवर टेकत आल्या. शंभर वर्षांची हळद, कुंकू आणि तेलकट बोटं, वर समईची काजळी. कपाळावर जाड पापुद्रा झाला होता. तो वाळताना स्वतः आखडत होता आणि खालचा रंग ओढून उचलत होता.

मॅडम म्हणाल्या, हे काढलं नाही तर येत्या काही वर्षांत कपाळ जाईल. पण त्याचबरोबर त्यांनी हेही विचारलं की, ही घाण आहे का? समईची काजळी कुणी मुद्दाम लावली नव्हती. हे मात्र लावलेलं आहे, जाणीवपूर्वक, नात्याने. ते काढायचं की नाही हे त्या ठरवणार नव्हत्या.

आत्याला मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "तिचं कुंकू पुसू नका." पुढे बोलायला जागाच नव्हती. आपल्याकडे कुंकू पुसणं म्हणजे काय, हे मी तिला काय समजावणार. मॅडमना हे कळवलं. त्यांनी चित्र तसंच ठेवलं, इतर भाग करत राहिल्या आणि म्हणाल्या, आत्यांना इकडे येणं जमेल का बघा.

जमलं. ऐंशी पार केलेली आत्या स्टुडिओत खुर्चीवर बसली आणि मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकातून कपाळ दाखवलं. पापुद्र्याच्या अगदी कडेला त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडून ठेवली होती. तिथे खाली लाल रंग दिसत होता. ब्रशने दिलेला, तेलात मळलेला, व्हार्निशच्या खालचा.

"हे कुणी लावलं?" आत्याने विचारलं.

"चित्रकाराने. ती समोर बसली होती तेव्हा."

आत्या बराच वेळ त्या नळीला डोळा लावून होती. मग म्हणाली, "मग वरचं काढा. तिचं तिला दिसू दे."

ते काढणंही सोपं नव्हतं. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, पण स्पिरिटने लगेच पसरते, आणि साबणासारखं क्षारयुक्त काही लागलं की लाल होते. म्हणजे नेहमीची सगळी द्रावणं बाद, नाहीतर कपाळभर रंग उतरला असता. सूक्ष्मदर्शकाखाली, कोरड्याने, शस्त्रक्रियेच्या पात्याने, कण कण खरवडून काढलं. निघालेलं सगळं एका काचेच्या नळीत भरून आत्याला दिलं, ती तिने देवघरात ठेवली आहे. खालून जी आली ती गोल टिकली नव्हती, बारीक, रेखीव चंद्रकोर होती. आम्ही सगळे आजवर पणजीला रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई समजत होतो.

बाकीच्या चेहऱ्याची सफाई थुंकीने झाली. हो, माणसाच्या थुंकीने. कापसाचा छोटा बोळा काडीवर गुंडाळून तो जिभेला लावायचा, चित्रावर हलकेच फिरवायचा, काळा झाला की टाकायचा. थुंकीतली पाचक द्रव्यं तेलकट काजळी आणि पिष्टाचे डाग सोडवतात आणि रंगाला इजा करत नाहीत. जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत हे आजही चालतं. उष्ट्याच्या कल्पनेत वाढलेल्या मला ते पाहणं जड गेलं. मग त्या गालावरून वर्षानुवर्षांची काजळी उतरून सावळा, उन्हाने रापलेला वर्ण वर येताना पाहिला आणि ती भावना आपोआप गळून पडली.

व्हार्निश त्यांनी पूर्ण काढलं नाही, फक्त पातळ केलं. चित्राच्या कडेला नखाएवढ्या खिडक्या करून वेगवेगळी द्रावणं आजमावली आणि सगळ्यात सौम्य होतं ते घेतलं. पिवळं झालेलं व्हार्निश म्हणजे चित्राचं वय, असं मानून ते जपणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर ती उठून दिसावीत म्हणून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात रोगणं चढवली गेली. तीच पुढे पिवळी-काळी पडली आणि पुरातत्त्व खात्याला मेहनतीने उतरवावी लागली. आमच्या घरात पणजीची चंद्रकळा सगळ्यांनी काळी पाहिली होती. व्हार्निश पातळ झाल्यावर ती गर्द निळी निघाली, पदराच्या घड्यांत तर जांभळी झाक. त्या गडद भागात रुंद, मगरीच्या पाठीवर असतात तसे तडे आहेत. त्या काळातले चित्रकार गडद छटेसाठी डांबराच्या जातीचा बिटुमेन वापरत, तो कधी धड वाळतच नाही, त्याचे हे तडे असावेत असं मॅडमचं मत. ते तडे त्यांनी तसेच ठेवले.

इथे एक विनंती. चित्र उजळावं म्हणून त्यावर जवसाचं किंवा खोबरेल तेल चोळू नका, बटाटा-कांदा-लिंबू फिरवू नका. तेलाने दोन महिने छान दिसतं. जवसाचं तेल मग पिवळं पडून रंगासारखंच घट्ट होतं, ते काढताना खालचा रंगही निघतो. खोबरेल वाळतच नाही, त्यावर धूळ बसत राहते.

काकांच्या डबीतल्या खपल्यांपैकी बऱ्याच जागच्या जागी बसल्या. रंगाचा तुकडा ओळखायचा कसा? काठाचा आकार, तड्याची रेघ आणि मागे चिकटलेल्या कापडाच्या विणीचा ठसा यांवरून. उरलेल्या रिकाम्या जागांत खडू आणि सरसाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, तिच्यावर आजूबाजूसारखा पोत उठवला. मूळ चित्रावर आधी व्हार्निशचा एक थर दिला आणि मगच रंग लावला, तोही फक्त लांबीवर, मूळ रंगावर कणभरही नाही. हे रंग तेलातले नसतात, कृत्रिम राळेतले असतात. उद्या कुणाला नको वाटले तर सौम्य द्रावणाने निघतील आणि पणजीच्या रंगाला धक्का लागणार नाही.

लुगड्याच्या काठाची नक्षी पुष्कळ गेली होती. ती भरायला पुरावा सापडला. पन्नासच्या दशकातल्या, माझ्या मोठ्या काकांच्या लग्नाच्या एका फोटोत मागच्या भिंतीवर हे चित्र दिसतं. फोटो मोठा करून काठावरची रुईफुलं ओळखता आली आणि तेवढी त्यांनी पुरी केली.

उजव्या हाताचं मात्र जमलं नाही. बोटं आणि बोटांत जे काही होतं तो भाग पुराने पूर्ण नेला. काका म्हणतात पोथी होती. आत्या म्हणते रुमाल, लेसचा, त्या काळी फॅशन होती. मी लहानपणी पाहिलंय ते फक्त काळपट काहीतरी. मॅडमना मी म्हटलंही की, एखादी साधी पोथी काढून टाका ना, सगळ्यांना बरं वाटेल. त्या नाही म्हणाल्या. ठामपणे, पण न दुखावता. "मी काढलेली पोथी पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांना पणजीची वाटेल." त्यांनी तिथे आजूबाजूच्या रंगांशी मिळणारा शांत, सपाट रंग दिला. दुरून खटकत नाही, जवळ गेलं की इथे मूळ काही नाही हे कळतं. मला ते तेव्हा अपुरं वाटलं होतं. आता तीच जागा मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

चित्र आता वाड्याच्या माडीवर आहे, आतल्या भिंतीला, बाहेरच्या नाही, कारण पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. भिंत आणि चित्र यांत बुचाचे तुकडे लावून अंतर ठेवलंय. मागून पन्हळी प्लास्टिकचं पाठफळं आहे. शेजारी आर्द्रतेचं घड्याळ, काटा साठच्या वर जायला लागला की खिडक्या बंद आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र सुरू. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी कुणीही हातोडीने ठोकायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे. नवमीचं हळदकुंकू आत्याच्या सुचवण्यावरून खाली चौरंगावर ठेवलेल्या चांदीच्या टिकलीवर वाहतो. खर्च चित्राच्या बाजारभावापेक्षा नक्कीच जास्त झाला. तो आम्ही चुलत भावंडांनी वाटून घेतला, कुणी कुरकुरलं नाही.

मॅडमनी एक जाड फाइल दिली आहे. तीत प्रत्येक टप्प्याचे फोटो, कुठे कोणतं द्रव्य वापरलं, ते कशाने निघेल, सगळं लिहिलंय. उजव्या हाताच्या पानावर नोंद आहे की पुरावा मिळाल्यास हा भाग पुन्हा रंगवता येईल. मोठ्या काकांच्या त्या फोटोत नेमका हाताच्या पुढे नवरदेवाचा फेटा आला आहे. त्याच लग्नात वऱ्हाडी म्हणून मिरजेचे आणि इचलकरंजीचे बरेच नातेवाईक होते, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी जुन्या अल्बममध्ये तीच भिंत दुसऱ्या कोनातून असू शकते. मी एकेकाला फोन करते आहे.